चंदनाचा शेजार

आपल्यापैकी बहुतेकांची चंदनाशी पहिली ओळख होते ती घरच्या देवघरात. सहाणेवर पाण्याचे चार थेंब पडतात, त्यांवर खोड संथपणे फिरू लागते आणि थोड्याच वेळात त्या थंडगार गंधाने खोली भरून जाते. पंढरपुरास विठ्ठलाच्या अंगी गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत चंदनाची उटी लावतात. पैठणास एकनाथमहाराजांच्या घरी प्रत्यक्ष भगवंताने पाणक्याचे आणि गंध उगाळण्याचे काम पत्करले, अशी कथा आपण ऐकत आलो. त्या कथेतील सेवकाचे नाव श्रीखंड्या. आणि श्रीखंड म्हणजे चंदन, हे पक्वान्नाच्या गोडीत आपण विसरून गेलो आहोत.

चंदन म्हणजे झिजणे, हे समीकरण मराठी मनात असे खोल रुजले आहे. सरकारी नोकरीत मी आजवर निरोपसमारंभाची जी भाषणे ऐकली, त्यांतील निम्म्यांत तरी निवृत्त होणारे गृहस्थ चंदनासारखे झिजलेले होते. परंतु हे सारे गुणवर्णन चंदनाच्या लाकडाचे आहे. लाकूड होण्यापूर्वी ते झाड होते. ते कोठे वाढले, कशावर वाढले, कोणाच्या जिवावर वाढले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मीही विचारला नव्हता. माझे शिक्षण संस्कृत वाङ्मयाचे. चंदन मला काव्यातून ठाऊक होते, अंगणातून नव्हे.

जबलपुरास बदली होऊन आलो, तेव्हा मिळालेल्या सरकारी बंगल्यापुढे ऐसपैस मोकळी जागा होती. तेथे हौसेने चंदनाचे एक रोप आणून लावले. भोवती चार हात जागा खणून मोकळी केली, आळे बांधले, विटांचे कडे केले. आळ्यात गवताची काडी दिसली तरी ती मी स्वतः उपटून टाकीत असे. शेणखत घातले, उन्हाळ्यात रोज पाणी घातले. पहिल्या वर्षी रोप बऱ्यापैकी तरारले. दुसऱ्या वर्षी पाने पिवळी पडू लागली, शेंडा वाळला, आणि मृगाचा पाऊस येण्यापूर्वीच ते गेले. वनखात्यातून निवृत्त झालेले एक स्नेही त्या सुमारास घरी आले होते. त्यांनी त्या वाळक्या काडीकडे पाहिले, भोवतालच्या स्वच्छ जमिनीकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “याच्या सोबतीला कोण होते?” मी म्हणालो, “कोणी नाही. सगळे तण काढले होते.” ते हसले आणि म्हणाले, “मग साहेब, तुम्ही याला उपाशी मारलेत.”

त्या एका वाक्याने मला जे शिकावे लागले, तेच आज आपणापुढे ठेवावयाचे आहे. चंदन हे परोपजीवी झाड आहे. काटेकोरपणे बोलायचे तर अर्धपरोपजीवी.

परोपजीवी वनस्पती आपल्या शेतकऱ्याला नव्या नाहीत. कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे पसरणारी अमरवेल त्याने पाहिलेली असते. तिला हिरवे पान नाही; ती आपले सारे अन्न दुसऱ्याकडून घेते. आंब्याच्या फांदीवर बसणारे बांडगूळ त्याहून थोडे वेगळे. त्याची पाने हिरवी असतात आणि ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. पण पाणी आणि क्षार मात्र ते आंब्याच्या फांदीतून ओढते. ज्वारीच्या शेतातील टारफुला हेच काम जमिनीखाली, मुळांशी करतो, म्हणून ज्वारी का खुरटली हे वरून पाहणाऱ्याला लवकर उमगत नाही. चंदनाची रीत या टारफुल्याच्या जवळची आहे. फरक एवढाच की, टारफुल्याला आपण शिव्या देतो आणि चंदनाला कपाळी लावतो.

ही गोष्ट उजेडात येऊन दीडशे वर्षे होऊन गेली. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात जॉन स्कॉट नावाचे एक स्कॉटिश उद्यानविद होते. चार्ल्स डार्विन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि डार्विन यांच्याच साहाय्याने ते १८६४ साली हिंदुस्थानात आले होते. चंदनाची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटतात आणि त्यांच्यापासून पोषण घेतात, हे त्यांनी १८७१ साली प्रसिद्ध केले. पुढे मद्रास इलाख्यातील सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ सी. ए. बार्बर यांनी १९०६ आणि १९०७ मध्ये या जोडणीची सूक्ष्म रचना तपशीलवार वर्णन केली. हेच बार्बर पुढे कोईमतूर येथील ऊस-पैदास केंद्राचे प्रमुख झाले. आपल्या देशी उसाच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आजही आहे. १९११ साली रामराव या भारतीय वनाधिकाऱ्यांनी चंदनाच्या यजमान झाडांची मोठी यादी प्रसिद्ध केली. ती पुढे वाढत गेली आणि आज तीनशेहून अधिक जातींच्या वनस्पतींशी चंदनाची मुळे जुळतात असे मानले जाते. त्यांत गवत आहे, झुडपे आहेत, मोठे वृक्ष आहेत. इतकेच काय, एका चंदनाचे मूळ दुसऱ्या चंदनाच्या मुळाला चिकटलेलेही आढळते.

ही जोडणी होते कशी, हे पाहण्यासारखे आहे. चंदनाचे कोवळे मूळ जमिनीत पसरत असता शेजारच्या मुळातून पाझरणाऱ्या द्रव्यांची त्याला चाहूल लागते. तेथे त्याच्यावर एक लहानशी गाठ उठते. ही गाठ यजमानाच्या मुळाला घंटेच्या तोंडासारखी घट्ट बसते आणि तिच्या मधून निघालेली पाचर मुळाची साल भेदून आतल्या पाणी वाहणाऱ्या नलिकांपर्यंत पोहोचते. वनस्पतिशास्त्रात या गाठीला शोषकमूळ म्हणतात. एकदा दोन्ही झाडांच्या नलिका जुळल्या की काम सोपे होते. चंदन आपल्या पानांतून पाण्याची वाफ मोठ्या प्रमाणावर सोडते, त्यामुळे त्याच्या अंगात पाण्याची ओढ यजमानाहून अधिक असते, आणि पाणी त्याच्याकडे वाहू लागते. पाण्याबरोबर नत्र, स्फुरद आणि इतर विरघळलेले पदार्थ येतात. साखर मात्र चंदन बहुतांशी स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करते. म्हणून ते पूर्ण परोपजीवी नव्हे. स्वयंपाक ते स्वतःच्या चुलीवर करते. शिधा आणि पाणी तेवढे शेजारच्या घरून येते.

बीजातून उगवलेले रोप सुरुवातीला बीजातल्या शिदोरीवर जगते. म्हणूनच माझे रोप पहिले वर्ष तरारलेले दिसले आणि मी फसलो. शिदोरी संपली, आजूबाजूला हात पसरावयास कोणी नव्हते, आणि जे गवत त्याला थोडाफार आधार देऊ शकले असते तेही मी स्वच्छतेच्या हौसेने काढून टाकले होते.

येथे मला आपल्या संतांचा आणि सुभाषितकारांचा आवडता दृष्टांत आठवतो. चंदनाच्या संगतीत वाढलेली साधी झाडेही सुगंधी होतात, असा तो दृष्टांत. सत्संगाचे माहात्म्य सांगण्यास तो सुंदर आहे. जमिनीखाली मात्र व्यवहार नेमका उलट चालतो. चंदन शेजाऱ्यांना सुगंध देत नाही. शेजाऱ्यांकडून पाणी घेऊन ते स्वतःचा सुगंध घडविते. चंदनाला सापांचा विळखा असतो, हेही असेच कविकल्पनेचे देणे.

काव्यातल्या आणखी एका संकेताचा जबलपुराशी जवळचा संबंध आहे. येथून थोड्या अंतरावर, भेडाघाटच्या वाटेवर, तेवर नावाचे गाव आहे. तेच कलचुरी राजांचे त्रिपुरी. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांच्या दरबारी राजशेखर हा पंडित कवी होता. त्याचे घराणे मूळचे महाराष्ट्राशी नाते सांगणारे. त्याच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात कविसंकेतांची चर्चा आहे. वस्तुतः असूनही कवींनी वर्णावयाच्या नाहीत, अशा गोष्टींत त्याने चंदनाची फुले आणि फळे सांगितली आहेत. म्हणजे चंदनाला फूल-फळ असते हे त्याला ठाऊक होते. फक्त काव्यात ते म्हणावयाचे नाही, असा शिरस्ता होता. आम्ही संस्कृतचे विद्यार्थी तो शिरस्ता इतका पाळतो की, चंदनाचे फळ प्रत्यक्ष कसे असते हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हते.

ते असते वाटाण्याहून थोडे मोठे, गोल, पिकल्यावर जांभळट काळे. चंदनाला सामान्यतः वर्षातून दोनदा बहर येतो. फुले बारीक, प्रथम पिवळसर, मग किरमिजी होत जाणारी, आणि त्यांना वास जवळपास नाहीच. फळाचा गर पातळ आणि गोडसर असतो. माणसाच्या दृष्टीने त्यात खाण्याजोगे फारसे काही नाही. पण बुलबुल, कोकिळा, साळुंकी यांची त्यावर झुंबड उडते. त्यांच्या पोटातून गेलेले बी कोणत्या तरी झुडपाखाली, कुंपणाखाली पडते आणि तेथे उगवते. म्हणजे चंदनाचे बी निसर्गात पडते तेच मुळी कोणाच्या तरी सोबतीला. मोकळ्या, साफ केलेल्या जमिनीच्या मध्यभागी पक्षी बी टाकीत नाहीत; फांदीवर बसून टाकतात. बुलबुलाला जे कळते ते मला कळले नव्हते.

चंदनाच्या कुळातील काही भावंडे माणसाच्याही खाण्यात आहेत. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशात क्वाँडाँग नावाचे लालभडक फळ मिळते. ते झाड चंदनाच्याच प्रजातीचे, आणि तेही मुळांवर जगणारे. तेथील आदिवासी ते फळ फार पूर्वीपासून खात आले आहेत, आणि गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याचे मुरंबे केले. पण इतके दूर जाण्याचेही कारण नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या उंच पठारांवर, जेथे वारा मोठ्या झाडांना वाढू देत नाही, तेथे पोपली नावाचे एक सदाहरित झुडूप आहे. कोणी त्याला लोटल म्हणतात. त्याची नारिंगी-लाल, वाटाण्याएवढी फळे खाण्याजोगी असतात. त्या थंड माथ्यावर फिरावयास जाणाऱ्या हजारो प्रवाशांना स्ट्रॉबेरी दिसते, पोपली दिसत नाही. आणि ती चंदनाची चुलतबहीण असून शेजारच्या झुडपांच्या मुळांवर जगते, हे तर फारच थोड्यांना ठाऊक आहे. तिचीच आफ्रिकेतील जातभाई, पूर्व आफ्रिकेचे चंदन म्हणून ओळखली जाणारी, सुगंधी लाकडासाठी इतकी तोडली गेली की, २०१३ साली तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालावे लागले. आपली पोपली अद्याप कोणाच्या डोळ्यांवर आलेली नाही, हे तिचे भाग्यच म्हणावयाचे.

आता लागवडीकडे वळू. जबलपुरास या विषयाची माहिती घेणे सोपे आहे. मंडला रस्त्यावर, गौर नदीच्या काठी, उष्णकटिबंधीय वनांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था १९८८ पासून आहे, आणि मध्य भारताबरोबर महाराष्ट्रही तिच्या कार्यक्षेत्रात येतो. चंदनाच्या विशेष अभ्यासाचे मोठे केंद्र बंगळुरास आहे. अशा संस्थांतून आणि अनुभवी वनकर्मचाऱ्यांकडून जे समजले, त्याचे सार असे.

बी पिकलेल्या फळातून काढावे, गर धुवून सावलीत वाळवावे. एका किलोत सुमारे सहा हजार बिया बसतात. ताजे बी लगेच उगवत नाही. दोनएक महिने ते झोपलेले असते. रोपवाटिकेत ही झोप मोडण्यासाठी बी जिबरेलिक आम्लाच्या अगदी सौम्य द्रावणात रात्रभर भिजवितात. बी पेरण्याचा वाफा वाळूचा अंश अधिक असलेल्या मातीचा, पाण्याचा निचरा होणारा असावा. कोवळ्या रोपांना बुरशी आणि सूत्रकृमी यांचा फार उपद्रव होतो, म्हणून त्यांचा बंदोबस्त आधीच करावा लागतो. रोपाला चार ते सहा पाने आली की ते मुळांना धक्का न लावता पॉलिथीनच्या पिशवीत हलवावे.

आणि येथेच ती गोष्ट करावयाची, जी मी केली नव्हती. त्याच पिशवीत चंदनाच्या शेजारी तुरीचा एक दाणा टोचावयाचा. होय, आपल्या रोजच्या वरणाची तूर. ती लवकर वाढते, तिच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र जमिनीत बांधतात, आणि चंदनाचे पहिले शोषकमूळ तिला चिकटते. तूर चंदनाच्या डोक्यावर जाऊन त्याचा प्रकाश अडवू लागली की तिचा शेंडा खुडावा, मात्र तिला उपटू नये. सहा-आठ महिन्यांत रोप वीतभराहून उंच होते आणि लावण्यास योग्य ठरते.

पिशवीतली तूर ही पहिली दाई. पण तिचे आयुष्य ते किती! जमिनीत लावल्यावर चंदनाला दुसरी सोबत हवी, जी चार-पाच वर्षे टिकेल. शेवरी किंवा हादगा यांसारखी भराभर वाढणारी झाडे त्या कामी येतात. आणि त्यांच्याबरोबरच तिसरी सोबत लावावयाची, जी वीस-पंचवीस वर्षे उभी राहील. करंज, शिरीष, सुरू, शिसव ही नावे या संदर्भात पुन्हा पुन्हा ऐकावयास मिळतात. यांतील बहुतेक झाडे नत्र बांधणारी आहेत, हा योगायोग नव्हे. ज्याच्या घरी शिधा अधिक, त्याच्याच दारी जाणे शहाणपणाचे. यजमान झाड चंदनापासून फार दूर नसावे, तसेच त्याने चंदनाला पुरते झाकूनही टाकू नये. चंदनाला बालपणी थोडी सावली मानवते, पुढे मोकळे ऊन लागते. म्हणून यजमानाच्या फांद्या वेळोवेळी छाटाव्या लागतात.

जमिनीविषयी दोन शब्द. चंदन लाल, मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत उत्तम येते. भारी काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचून राहिले तर मुळे कुजतात. जबलपुराकडे दोन्ही प्रकारच्या जमिनी आहेत आणि पावसाळा भरपूर असतो. तेव्हा सखल जागा टाळणे बरे. शेळ्या-मेंढ्या चंदनाचा पाला आवडीने खातात, म्हणून कुंपण हवे. दक्षिणेत स्पाइक नावाचा एक रोग चंदनाची पाने बारीक करून झाडच्या झाड मारून टाकतो. तो १८९९ साली कुर्ग भागात प्रथम नोंदला गेला. त्याचा कारक सूक्ष्मजीव सापडावयास पुढे सत्तर वर्षे जावी लागली, आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही.

एवढे सारे केल्यावर फळ काय, असे कोणी विचारील. चंदनाचा सुगंध त्याच्या गाभ्यात असतो. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वास नाही. गाभा धरावयास साधारण दहा वर्षे लागतात, आणि तो चांगला भरावयास पंचवीस-तीस. तेल सर्वांत अधिक मुळांत असते, म्हणून चंदन तोडीत नाहीत, मुळासकट खणून काढतात. ज्या मुळांनी शेजाऱ्याकडून घेतले, तीच सर्वांत सुगंधी निघावीत, यावर एखादा कवी पुष्कळ लिहू शकेल. मी एवढेच सांगतो की, पंचवीस वर्षे हा हिशेब जाहिरातींत सहसा नसतो.

आणि हीच माझ्या आजच्या सांगण्यातील गंभीर बाजू आहे. म्हैसूरच्या राज्यात टिपू सुलतानाने १७९२ साली चंदनाला राजवृक्ष ठरविले, आणि त्यानंतर दोन शतके दक्षिणेत चंदन कोणाच्याही जमिनीत उगवले तरी ते सरकारचे, असा कायदा राहिला. परिणाम असा झाला की, आपल्या शेतात चंदनाचे रोप दिसले की शेतकरी ते उपटून टाकी. मालकी नाही, राखण मात्र गळ्यात, हे कोण पत्करील? कर्नाटकाने २००१ साली आणि तमिळनाडूने २००२ साली हे कायदे बदलले आणि झाड जमीनमालकाचे झाले. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड-नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, खैर यांच्या पंक्तीस चंदन आहे. म्हणजे स्वतःच्या शेतातले झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. प्रत्येक राज्याचे तोडीचे आणि वाहतुकीचे नियम निराळे आहेत, आणि झाड लावण्यापूर्वीच त्याची नोंद सातबाऱ्यावर कशी होते हे विचारून घ्यावे, एवढे एक शासकीय सेवक म्हणून माझे सांगणे आहे.

कायदे सैल झाले, चंदनाचे भाव चढले, आणि गावोगाव चंदनशेतीची चर्चा सुरू झाली. वर्धा जिल्ह्यात माझे एक मावसभाऊ शेती करतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांच्याकडेही एक रंगीत पत्रक आले. बारा वर्षांत एकरी अमुक इतके लाख, असा त्यात हिशेब होता. दादांनी सोयाबीनच्या दोन हंगामांची शिल्लक घातली, थोडे कर्ज काढले आणि दोन एकरांत सहाशे रोपे लावली. ठिबकची नळी टाकली. पूर्वी त्या रानात ते तूर घेत असत. चंदनाला अडचण नको म्हणून तूर बंद केली. दर महिन्याला निंदणी चालू. तिसऱ्या वर्षी त्यांचा मला दूरध्वनी आला. “पाणी कमी नाही, खत कमी नाही, तणाची काडी नाही. मग झाडे का जातात रे?”

मी त्या दिवाळीत गेलो. रानाच्या मध्यभागी उभ्या वाळलेल्या काड्यांच्या रांगा होत्या. पण पूर्वेच्या बांधाला लागून जी रांग होती, ती हिरवीगार होती. काही झाडे माझ्या खांद्याला लागत होती. बांधावर जुने शिरीष आणि करंज उभे होते. दादांचा समज असा की, बांधाकडे ओल अधिक असते म्हणून ती रांग बरी आहे. आम्ही दोघांनी बसून खुरप्याने हलक्या हाताने माती उकरली. बोटाएवढ्या करंजाच्या मुळाला चंदनाचे बारीक मूळ बिलगलेले होते, आणि जुळणीच्या जागी मसुरीच्या डाळीएवढी एक गाठ होती. दादा बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे मी पैसा लावला, पाणी लावले, आणि याचे जेवण तेवढे उपटून फेकले.”

त्या पावसाळ्यात त्यांनी उरलेल्या ओळींत तूर पेरली, शेवरी लावली, मध्ये करंज घातला. सहाशेंपैकी निम्म्याहून कमी झाडे राहिली, पण राहिली ती आता उभी आहेत. पत्रकातला हिशेब खोटा ठरला. तुरीच्या पोत्यांनी मात्र कर्जाचा एक हप्ता फेडला. ज्याने रोपे विकली, त्याने सोबतीचा शब्दही काढला नव्हता. तो अडाणी होता की लबाड, हे मला सांगता येत नाही. पण चंदनाची लागवड करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने रोपे घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: “याच्या सोबतीला काय लावू?” ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून रोप घेऊ नये.

मग चंदनाला आपण काय म्हणावे? बांडगुळाच्या रांगेत बसवावे काय? मला तसे वाटत नाही. दुसऱ्याकडून घेतल्यावाचून कोण वाढतो? आपल्यापैकी प्रत्येकाच्या पाठीशी कोणी तरी तूर, कोणी शेवरी, कोणी करंज उभा होता. कोणाच्या फीसाठी आईच्या पाटल्या गेल्या असतील, कोणाला शिक्षकांनी घरी ठेवून घेतले असेल. निरोपसमारंभात ज्यांना आपण चंदन म्हणतो, त्यांच्यासाठी घरी कोण झिजले, हेही कधी त्या भाषणात यावे. चंदनाचा झिजण्याचा गुण खरा आहे. फक्त ते झिजणे परतफेडीचे आहे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

माझ्या अंगणात मी पुन्हा एक रोप लावले आहे. या वेळी आळ्यात तूर होती, ती आम्ही शेंगांसह खाल्ली. आता शेवरी आहे आणि पलीकडे करंज डोके वर काढीत आहे. चंदनाचे हे चौथे वर्ष. परवा मेंदीच्या कुंपणात वाकून पाहिले, तर तेथे आणखी एक बोटभर रोप उगवलेले दिसले, मी न लावलेले. जवळपास कोठे तरी जुने चंदन असावे आणि बुलबुलाने आपले काम केले असावे. माझी बदली आज ना उद्या होईल. गाभा भरेल तेव्हा या बंगल्यात कोण असेल, मला ठाऊक नाही. येणाऱ्या गृहस्थांसाठी मी एक चिठ्ठी मात्र लिहून ठेवली आहे: कृपा करून कुंपण साफ करू नये.